आडवी धरलेली लाठी

मी लाठी बोलतेय. पोलिसाच्या हातातली, वेळूची. मला तापवून सरळ केलं, तेल पाजलं आणि हवालदार हौशीरामच्या हाती दिलं. तो तिकोणा पेठ या गावचा. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात गाड्या वळवणं, हेच माझं बहुतेक काम. मला पाहून माणसं आपोआप बाजूला होतात, आणि हौशीरामला तेवढंच पुरतं.

एकदा परंदवडीजवळ रस्ता ओलांडताना जीनत नावाच्या शाळकरी मुलीला ट्रकनं उडवलं. ती वाचली, पण पाय मोडला. भुयारी मार्ग हवा म्हणून गाव रस्त्यावर बसलं. मागे रुग्णवाहिका अडकली. फौजदार यशोधरा मॅडमनी भोंग्यावरून पुन्हा पुन्हा सांगितलं, की हा जमाव बेकायदा ठरतोय, उठा. बरेच जण उठलेही. तेवढ्यात कुठून तरी दगड आला आणि एका शिपायाचं डोकं फुटलं. मग मॅडमनी हुकूम दिला, लोकांना मागे रेटा, मारायची वेळ आलीच तर कमरेखाली.

पळापळीत जीनतचा चुलता इर्शाद पाय घसरून पडला. त्याचं गॅरेज आहे. विक्की हा नवा शिपाई त्याच्या डोक्यावर लाठी उगारून धावला. हौशीराम मध्ये घुसला आणि त्यानं मला आडवं धरलं. तो घाव माझ्यावर बसला. मला चीर गेली.

"विक्की, तो पडलाय," हौशीराम म्हणाला. "आता त्याचा कुणाला धोका हाये?"

विक्की थांबला. रस्ता मोकळा झाला, रुग्णवाहिका गेली.

इर्शादनं तक्रार केली आणि चौकशी लागली. विक्कीनं आधी सांगितलं, की जमाव हिंसक होता, बळ वापरायचा अधिकार कायद्यानं दिलाय. हौशीरामला सहकाऱ्यांनी समजावलं, आपल्याच पोराविरुद्ध बोलू नकोस. त्यानं जे घडलं तेच सांगितलं. कायदा गरजेपुरतं बळ देतो, माणूस पडला तिथं गरज संपली, असंही म्हणाला. काही दिवस त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

पुन्हा बोलावल्यावर विक्कीनं आधीचा जबाब मागे घेतला. तो म्हणाला, "धोका नव्हता, साहेब. ज्या शिपायाचं डोकं फुटलं तो माझा दोस्त, त्याचं रक्त बघून मला राग आला होता."

त्याला शिक्षा झाली, नोकरी राहिली. नंतर एका बंदोबस्ताहून परतताना त्यानंच हौशीरामला गॅरेजकडे नेलं. दारात उभं राहून विक्कीनं टोपी काढून हातात घेतली. इर्शादनं हात पुसले.

"खरं बोललास न्हवं? लय झालं. बस, चा घे."

मला भिंतीला टेकवून ते तिघं बाकावर बसले.

माझ्या चिरेवर तार गुंडाळून हौशीराम अजून मलाच वापरतो. भुयारी मार्गाची खोदाई सुरू झालीय. तिथं आम्ही गाड्या थांबवतो. उद्या मी दुसऱ्या कुणाच्या हाती जाईन. त्याला माझं एवढंच मागणं आहे: बाबा, मला उगारशील तेव्हा समोरचा उभा आहे की पडलाय, ते आधी बघ.