खळ्यावरचा काटा

"चढ."

अमोलनं एवढंच म्हटलं आणि बोटानं काटा दाखवला. लासलगावजवळच्या त्याच्या खळ्यावर कांद्याच्या गोण्या ज्याच्यावर मोजतात, तोच लोखंडी काटा. तेजस्विनीनं चपला काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा. दर रविवारी तिला नाशिकहून गाडीत घालून इथं आणायचं आणि कांद्याच्या काट्यावर उभं करायचं, हा अमोलचा नेम होऊन बसला होता. घरात साधा काटा होता. पण घरात बघायला माणसं नव्हती ना!

कांदे निवडायला बसलेल्या बाया पेठ-सुरगाण्याकडच्या. त्यांनी माना खाली घातल्या. मालक बायकोला मोजतो तेव्हा वर बघायचं नसतं, हे त्या आता शिकल्या होत्या.

"साडेब्याण्णव," मुनीम सावळीरामनं लाल आकडा वाचला.

"साडी म्हणजे बारदान समज. अर्धा किलो वजा कर."

सावळीराम हसला. मालकानं जोक मारला की मुनिमानं हसायचं असतं.

"मग ब्याण्णव, शेठ."

"आणि मागल्या रविवारी?"

"ब्याण्णवच."

अमोलनं मागून तिच्या मानेवर असा दणका घातला की ती काट्यावरून थेट कांद्याच्या ढिगात तोंडावर गेली. उजवा हात खाली सापडला. करंगळीत काहीतरी काडकन मोडलं. काट्यावरचे लाल आकडे झरझर उतरून शून्यावर आले.

"हे बघा, उतरलं!" अमोल म्हणाला. "एका फटक्यात उतरलं वजन. उगाच नाशिकच्या डाएटवाल्यांची घरं भरतोय मी."

तेजस्विनी उठली नाही. मार नवा नव्हता, मारानं ती आता दचकतही नव्हती. पण गाडीच्या काचेतनं तिची पाचवीतली वैष्णवी बघत होती आणि अमोलनंही तिकडं बघितलं.

"पुढल्या रविवारपासून हिलाही चढवायची," तो म्हणाला. "गाल बघा कसे आलेत. आत्ताच आवळलं नाही तर आईवर जाईल."

हे मात्र नवीन होतं.

*

तेजस्विनी निफाडकडची, शेतकऱ्याची पोर. लग्नात ती अठ्ठावन्न किलोची होती, हे तिला अमोलनंच इतक्यांदा सांगितलं होतं की देवाच्या नावासारखं पाठ झालेलं. वैष्णवी झाली आणि अंग सुटत गेलं. का सुटलं, हे कुणी डॉक्टरला विचारलं नाही. सासू बयाबाईंचं निदान तयार होतं, "खाती." संपलं. खळ्यावरच्या म्हशीला धार कमी आली तर ही बाई ढोराच्या डॉक्टरला फोन लावायची.

मग प्रोग्राम सुरू झाले. पहिला अमोलनं व्यापारी मित्राच्या सांगण्यावरून निवडला. पाथर्डी फाट्यावरच्या एका फ्लॅटमध्ये सकाळी सकाळी बाया जमायच्या, तृप्ती मॅडम पावडर घुसळून द्यायच्या आणि जिचा किलो उतरला तिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तेजस्विनीचे सहा किलो उतरले. टाळ्या वाजल्या. पाठोपाठ डोक्यावरचे केस पुंजक्यानं हातात यायला लागले. पावडर सोडली तशी सहाचे आठ होऊन परत आले. त्या दिवशी अमोलनं कमरेचा पट्टा वापरला.

दुसरा प्रोग्राम जिमचा. तिथल्या पोरानं पहिल्याच आठवड्यात उड्या मारायला लावल्या, गुडघा सुजून टरबुजासारखा झाला. तिसरा, पोटावरची चरबी गोठवायचा. चरबी राहिली जागच्या जागी, कातडी मात्र भाजल्यासारखी काळी पडली. प्रत्येक प्रोग्राम अमोलनं निवडला आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये नापास झाली ती तेजस्विनी. तिला काय सोसेल, ती दिवसभर काय करते, झोपते कधी, पाळी येते का, यातला एक प्रश्नही कुणी विचारला नाही. माणूस साधी चप्पल घेताना पाय घालून बघतो. इथं अख्खी बाई घालून बघत होते आणि मावली नाही की बाईलाच ठोकत होते.

*

करंगळी सुजून जांभळी पडली तेव्हा सोमवारी ती गल्लीतल्याच डॉक्टरीणबाईंकडं गेली.

"पडलात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मानेवर पाच बोटं उठलीत. मानेवर पडलात का?"

तेजस्विनीनं पदर मानेवर ओढून घेतला. बाईंनी करंगळीला पट्टी बांधली, रक्त काढून घेतलं आणि मग खुर्ची ओढून नीट समोर बसल्या. केस कधीपासून गळतात, थंडी जास्त वाजते का, दिवसा ग्लानी येते का. तेजस्विनी सगळ्याला हो म्हणत गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. थायरॉईड. किती वर्षं मुरलेलं होतं कोण जाणे.

"गोळी रोज घ्यायची, उपाशीपोटी," बाई म्हणाल्या. "भाकरी बंद करायची नाही. डाळ, भाजी, अंडं खा. गुडघ्याला झेपेल तेवढं चाला. महिन्याला दोन किलो उतरले तरी मी खूश."

"मालक म्हणतात, पंचवीस किलो तीन महिन्यांत. त्यांनी नवीन सेंटर बघितलंय. इंजेक्शन देतात आणि दिवसभर नुसतं सूप."

"मालक डॉक्टर आहेत?"

"कांद्याचे व्यापारी."

"मग त्यांना म्हणावं कांदे विका!" बाई तडकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जे आयुष्यभर करता येईल तेच निवडा. बाकी सगळं चार दिवसांचं सोंग."

घरी येताना तेजस्विनीच्या डोक्यात बापाची कांदे साठवायची चाळ आली. उन्हाळ कांदा चाळीत भरला की त्याचं वजन घटतंच. सावकाश, पाणी सुकत सुकत. तो कांदा कडक राहतो, दिवाळीपर्यंत टिकतो. पण एखादी चाळ झपाट्यानं घटायला लागली की बाप धावत जाऊन ढीग उपसायचा. झपाट्यानं घटतो तो कांदा आतनं सडलेला असतो. हे अमोललाही ठाऊक होतं. त्याचा सगळा धंदाच यावर होता. कांद्याच्या बाबतीत त्याला कळत होतं, बायकोच्या बाबतीत नाही. की कळत असूनही तो डोळेझाक करत होता? तिनं रस्त्यातच ठरवलं, हा चौथा प्रोग्राम आपण निवडायचा.

*

गुरुवारी संध्याकाळी अमोल नव्या सेंटरचा पत्ता घेऊन आला. तेजस्विनी ओट्यापाशी पाटावर बसून बाजरीची भाकरी आणि पिठलं खात होती. त्याच्या देखत.

"हे काय चाललंय?"

"जेवतीये. अहो, मी प्रोग्राम निवडलाय. डॉक्टरनं थायरॉईड सांगितलंय, गोळी चालू केली. वर्षभर लागेल."

"वर्षभर?"

"तुमच्या चाळीतला कांदा तीन महिन्यांत पाव हिश्श्यानं घटला तर तुम्ही पेढे वाटता का? का सडला म्हणून बोंब मारता?"

खरं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं ताट लाथाडलं. मग केस धरून तिला गॅसकडं ओढलं आणि नुकती भाकरी उतरवलेल्या तापल्या तव्यावर तिचा डावा तळवा दाबला. मांस भाजल्याचा वास सुटला. ती ओरडली तशी बयाबाई लगबगीनं उठल्या. खिडकी लावली, टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज वाढवला.

"तोंडावर नको रे मारू," त्या म्हणाल्या. "दिसतं मग."

त्यानं ऐकलं आईचं. आज्ञाधारक पोरगं. बरगड्यांत लाथा घातल्या.

"खा! अजून खा!"

दारात वैष्णवी उभी होती. तिच्या तोंडातला घास तिनं हळूच फ्रॉकमध्ये थुंकलेला तेजस्विनीला जमिनीवरून दिसला.

शनिवारी वॉशिंग मशीनच्या मागं मुंग्यांची रांग लागली. तेजस्विनीनं हात घातला. पोळीचे गोळे, भाताची ढेकळं, बुरशी आलेली इडली. सोमवारपासूनचे सगळे डबे.

"वैशू, काय खाल्लंस आठवडाभर?"

"पाणी." पोरीचे ओठ पांढरे पडले होते. "मम्मी, काट्यावर दप्तर काढून ठेवायचं ना? आणि वेणीतल्या रिबिनी? त्यांचं पण वजन येतं का गं?"

तेजस्विनीनं तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवायला बघितलं. पोरगी दात घट्ट मिटून रडत राहिली. एक शीत आत गेलं नाही.

*

रविवारी तेजस्विनी दार अडवून उभी राहिली. अमोलनं तिला भिंतीवर आपटली, पोरीला उचलून गाडीत टाकली. तेजस्विनी चालत्या गाडीचं दार उघडून आत घुसली. पोरीला एकटी पाठवायची नव्हती.

खळ्यावर नेहमीचा देखावा. बाया, ढीग, धूळ, भरून शिवून ठेवलेल्या गोण्यांची थप्पी. अमोलनं वैष्णवीला काट्यापुढं उभं केलं.

"चढ."

पोरगी चढली. सावळीराम आकड्याकडं बघून घुटमळला. या वेळेस त्याला हसू आलं नाही.

"शेठ, पोर थरथरतीये. राहू द्या की आज."

"तुला आकडा वाचायला ठेवलाय."

आकडा वाचायच्या आत वैष्णवीचे गुडघे गेले. ती पुढं कोसळली आणि हनुवटी काट्याच्या लोखंडी कडेवर आपटली. कातडी फाटून हाड दिसायला लागलं. रक्ताची धार फ्रॉकवर.

"नाटकं करती, आईसारखी." अमोलनं तिचा दंड धरून तिला परत वर खेचली. "उभी राहा! सरळ!"

तेजस्विनीच्या हाताशी गोण्यांची थप्पी होती. वरच्या गोणीत शिवायचा दाभण खोचलेला, वीतभर लांब, पोलादी. तिनं तो उपटला आणि पोरीचा दंड धरलेल्या हातात आरपार घातला.

अमोलनं किंकाळी फोडली. पोरगी सुटली. त्यानं दुसऱ्या हातानं तेजस्विनीच्या तोंडावर ठोसा दिला, तिचे दोन दात हलले, ती पडली. त्यानं पोटात लाथ घालायला पाय मागं घेतला तेवढ्यात तिच्या हाताला कांदे उचलायचं घमेलं लागलं. तिनं ते आडवं फिरवलं. घमेल्याची धार त्याच्या नडगीवर बसली, हाड वाजलं आणि मालक स्वतःच्या मालावर उताणा पडला.

ती उठली आणि त्याच्या छातीवर बसली. सगळीच्या सगळी बसली.

"मोज," ती म्हणाली. "अमोल, मोज आता! ब्याण्णव. साडी धरून साडेब्याण्णव. बारदान वजा करू नकोस!"

तेरा वर्षांत तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्याचे डोळे बाहेर आले. तोंड उघडं, आवाज नाही. तिच्या मांडीखाली एक बरगडी मोडल्याचं तिला कळलं. वाईट वाटलं नाही. अजून थोडा वेळ बसलं की हे कायमचं मिटेल, एवढाच साधा विचार तिच्या मनात आला. सावळीराम धावला तर निवडणीतली फुलाबाई त्याला आडवी गेली.

"हातभर लांब राहा, मुनीम. लय दिवस हसलास."

"मम्मी," वैष्णवी म्हणाली. "मम्मी, रक्त थांबत नाय."

तेजस्विनी उठली. त्याला सोडायचं म्हणून नाही. पोरीची हनुवटी धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून उठली. तिनं पदर फाडला, जखमेवर दाबला. अमोल कुशीवर वळून हवा ओढत होता, पकडलेल्या माशासारखा.

"सावळीराम, गाडी काढ," ती म्हणाली. "दवाखान्यात. आणि पोलिसांना फोन लाव. मी कुठं पळत नाय."

*

दवाखान्यात वैष्णवीला पाच टाके पडले. पलीकडच्या खोलीतून अमोलचं कण्हणं आणि शिव्या आलटून पालटून ऐकू येत होत्या. नाशिकहून बयाबाई धावत आल्या. आधी मुलाकडं गेल्या, मग इकडं. एका हातात नातीसाठी बिस्किटाचा पुडा.

"तेजू, माझं ऐक. तो मोटारसायकलवरून पडला असं सांग. घरातलं घरात मिटव. परत तो काट्याचं नाव काढायचा नाही, माझा शब्द."

"आत्याबाई, खिडकी तुम्ही लावली होती," तेजस्विनी म्हणाली. तिनं पुडा काढून घेतला आणि पाठ फिरवली.

हवालदार दारात वही घेऊन उभा होता. तिनं त्याला भाजलेला तळवा दाखवला, करंगळी दाखवली, बरगड्या दाखवल्या, मग पोरीकडं बोट केलं. दाभणाचं आणि घमेल्याचंही काही लपवलं नाही.

"ताई, तुमच्यावर पण गुन्हा दाखल होईल," तो जरा चाचरत म्हणाला. "दाभण म्हणजे हत्यारच ते."

"होऊ द्या. त्याच्यावर होतोय ना? मग लिहा दोन्ही."

तिनं पुडा फोडला. वैष्णवीनं पलंगावरून वळून आईकडं बघितलं, मग दाराकडं. पप्पा बघतायत का, ते बघितलं.

"तो तिकडं आहे," तेजस्विनी म्हणाली. "त्याला उठता येत नाही. खा."

टाक्यांमुळं तोंड पुरतं उघडत नव्हतं. तेजस्विनीनं बिस्कीट टपरीवरून आणलेल्या चहात बुडवून मऊ केलं, चिमटीनं आत सारलं. पोरीनं ते बराच वेळ तोंडात तसंच धरलं. थुंकायला जागा शोधत डोळे फिरले. तेजस्विनी बघत राहिली. मग पोरीच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. लगेच ओकारी आली, निम्मं बाहेर पडलं. तेजस्विनीनं उरलेल्या पदरानं तोंड पुसलं.

वैष्णवी दमून उशीवर पडली. थोड्या वेळानं तिनं डोळे न उघडताच हात पुढं केला.

"अजून एक दे," ती म्हणाली.