नकारपत्र

आमच्या घरी सरकारी कागद आला की तो प्रेमदासच वाचतात. शिक्षक संघटनेचे तालुका सचिव ना ते, सगळे शासन निर्णय तोंडपाठ. मीही प्राथमिक शाळेत एकवीस वर्षं शिकवतेय, पण नवऱ्याने वाचलं म्हणजे मीच वाचलं, असा माझा शहाणपणा.

मुख्याध्यापक पदोन्नतीच्या यादीत माझं नाव लागलं, तेही त्यांनीच सांगितलं. जागा एकच उरली होती, तळेगावची. पिपरी मेघेतल्या आमच्या घरापासून बसने चांगले दोन तास. तरी मला जायचं होतं. त्या खुर्चीची हौस मी कधी लपवली नव्हती.

"अश्वजितची बारावी हाय, आईची शुगर हाय. घर कोन पाहीन?" ते म्हणाले. "औंदा नकार देऊन टाक. पुढच्या साली जवळची शाळा भेटन."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग दिलं लिहून. मजकूर त्यांनी सांगितला, 'कौटुंबिक अडचणीमुळे पदोन्नती नाकारत आहे.' अर्ज द्यायला स्वतः गाडीवर बसवून नेलं. येताना उसाचा रस पाजला. मला वाटलं, किती जपतो हा माणूस.

पंधरा दिवसांनी आमच्या शाळेतल्या मोनाली मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन मॅडम. सरचा आदेश निंगला नं, तळेगावचा."

मला काही कळेना. त्यांनी मोबाइलवर यादी उघडून दिली. एकेचाळीस नंबरवर मी, दीपमाला. बेचाळीसवर प्रेमदास. माझ्या नावापुढे 'नकार' लिहिलेलं. खाली टीप होती, नकार देणाऱ्यांचा पुढची तीन वर्षं विचार होणार नाही. ही टीप त्यांना माहीत नव्हती, असं मी कोणाला सांगू? केसाने गळा कापला होता माझा, आणि रस पिऊन मी तोंड पुसलं होतं.

घरी पोचले तर सासूबाई शेजारणीला पेढे देत होत्या. हे सोफ्यावर बसून फोनवर अभिनंदन घेत होते. फोन ठेवेपर्यंत मी समोर उभी राहिले.

"यादीत माह्या खाली तुमचंच नाव हाय, हे तुमाले मालूम होतं?"

"त्यात काय एवढं? तू नाई म्हटलं, मले भेटलं. जागा घरातच रायली नं."

इतकी किळस मला आजवर कोणाची आली नव्हती.

"अन् अश्वजितची बारावी? आईची शुगर?"

त्यांनी पेढा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"तू हायेस नं घरी."

शाळेची पर्स अजून माझ्या खांद्यालाच होती. एकवीस वर्षं नोकरी करून नवऱ्याच्या लेखी मी घरीच होते.