उजवी बाजू

व्हर्लिन हॉगनच्या तळघरात आम्ही शेजारीपाजारी शुक्रवारी सिनेमा बघायला जमायचो. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने ते तळघर स्वतः राबून थिएटर करून टाकलं होतं. भिंतींना जाड फेल्ट, चहूबाजूंनी स्पीकर आणि मधोमध त्याची चामड्याची खुर्ची. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, सरोवराकाठच्या डुलुथचा हिवाळा इतका लांबतो की माणसाला कसलं तरी वेड लागतंच. कुणी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसतं, व्हर्लिन आवाजाच्या मागे लागला होता.

त्याचा जुना मित्र कर्टिस पेल्टो. तोही आवाजवेडाच, पण त्याचा स्वतःच्या कानावर विश्वास नव्हता. लोक त्याच्याकडे अॅम्प्लिफायर, स्पीकर पाठवायचे. तो ते गॅरेजमध्ये यंत्राला जोडून मोजायचा आणि आकडे जसेच्या तसे इंटरनेटवर टाकायचा. "कान किंमत बघून ऐकतो. माईकला किंमत वाचता येत नाही," असं म्हणायचा. त्याचेच आकडे बघून व्हर्लिनने उन्हाळ्यात नवा रिसीव्हर घेतला. सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारी पेटीच ती.

पानगळ सुरू झाली आणि व्हर्लिनची कुरकुरही.

"उजवी बाजू मेलीये. तुझ्या त्या आलेखाने मला पुरतं फसवलं," त्याने कर्टिसला फोनवर सुनावलं.

कर्टिस माईक, तिकाटणं आणि लॅपटॉप घेऊन आला. मी लोर्नाकडे, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोकडे, डबा परत द्यायला गेले होते. आम्ही दोघी तळघराच्या जिन्यावर बसून मजा बघत होतो.

कर्टिसने खुर्चीच्या जागी माईक उभा केला. आधी डाव्या, मग उजव्या स्पीकरमधून खालच्या सुरापासून वर चढत जाणारी शीळ सोडली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एकीवर दुसरी इतकी नीट बसली होती की एकच दिसत होती.

"अर्ध्या डेसिबलचाही फरक नाही," कर्टिस म्हणाला.

"मग तुझा माईक बहिरा!"

"बरं बाबा, स्पीकरच बदलून बघू."

त्याने डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तरी व्हर्लिनला उजवीकडूनच कमी ऐकू आलं. कर्टिसने तारा बदलल्या, मग रिसीव्हर काढून स्वतःचा जुना लावला. तरी तेच. व्हर्लिनच्या अंगात एव्हाना जोर चढला होता.

"बघ, बघ! तुझी सगळी अवजारं थकली, पण माझा कान ठाम आहे!"

कर्टिस म्हणाला, "खुर्ची फिरव."

"काय?"

"मागच्या भिंतीकडे तोंड करून बस. आणि सांग, कुठला कमी येतो."

व्हर्लिन हसत हसत फिरला. कर्टिसने गाणं लावलं. व्हर्लिनने हात वर करून बोट दाखवलं, आणि ते बोट आता त्याच्या उजव्या हाताला आलेल्या, इतका वेळ तो चांगला म्हणत असलेल्या स्पीकरकडे गेलं.

गाणं चालूच राहिलं. लोर्नाने माझं मनगट धरलं होतं.

"व्हर्लिन," कर्टिस हळू आवाजात म्हणाला, "सामान ठीक आहे रे. कान दाखवून घे. दोन्ही कान गेले असते तर वय म्हटलं असतं. एकच जातोय, हे बरं नाही."

व्हर्लिन उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता मला मोजायला लागलास? उचल तुझा बाजार आणि चालता हो."

कर्टिसने तारा गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने लोर्नाला फोन करून पुन्हा बजावलं. तिने जेवताना विषय काढला. व्हर्लिनने ताट ढकललं आणि तो तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. पुन्हा काही तिने विषय काढला नाही. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

व्हर्लिनने उजव्या बाजूचा आवाज वाढवून घेतला. दर थोड्या दिवसांनी आणखी वाढवायचा. शुक्रवारी तिकडे बसणाऱ्यांची डोकी ठणकायची. आम्ही एकेक करून जायचं सोडलं, कुणाला ना कुणाला सर्दी व्हायची. नाताळनंतर तो एकटाच खाली बसू लागला. फेब्रुवारीत अंगणातला बर्फ फावड्याने ओढताना त्याचा तोल गेला. बर्फावर कोण घसरत नाही, असं तो म्हणाला. मार्चमध्ये दाढी करताना उजवा गाल बधिर लागला, तेव्हा मात्र स्वतःच म्हणाला, "लोर्ना, गाडी काढ."

इस्पितळात तपासलं, तर ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. कर्करोग नव्हता, पण वाढून मेंदूच्या देठाला टेकली होती.

"कमी ऐकू यायला कधीपासून लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस," व्हर्लिन म्हणाला.

"ऑक्टोबरपासून," लोर्ना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. गाठ लहान असताना सापडली असती तर कदाचित नुसत्या किरणोपचारावर भागलं असतं, असं त्या म्हणाल्या. लोर्नाने विचारलं म्हणून म्हणाल्या. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं लोर्नाला अजून वाटतं.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. मग आत रक्तस्राव झाला, डोकं पुन्हा उघडावं लागलं. व्हर्लिन वाचला. पण उजवा कान कायमचा गेला, चेहऱ्याची ती बाजू ओघळली, डोळा मिटेना. खाणं नीट गिळता येईना, पातळ काही घेतलं की ठसका लागे, म्हणून सूपही दाट करून चमच्याने भरवावं लागे.

व्हर्लिन घरी आल्यावर कर्टिस भेटायला आला तेव्हा मी तिथेच होते. तो नेमका उजवीकडे जाऊन बसला आणि बोलू लागला. व्हर्लिन समोर बघत राहिला. लोर्नाने खुणावल्यावर कर्टिसने खुर्ची डावीकडे आणली.

"तुझं बरोबर होतं," व्हर्लिन वाकड्या तोंडाने म्हणाला. "झालं समाधान?"

"नाही रे."

"मग तेव्हा मला फरफटत का नाही नेलंस?"

लोर्ना उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

जूनमध्ये व्हर्लिन वॉकर धरून मागच्या अंगणात चालू लागला. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. लोर्नाने मागच्या दारातून हाक मारली, तर तो सरोवराकडे बघू लागला. तिने पुन्हा मारली. तो कुंपणाकडे वळला, मग माझ्या खिडकीकडे, आणि वॉकर घट्ट धरून तसाच उभा राहिला.

लोर्ना हाक मारायची थांबली. एप्रनला हात पुसत पायऱ्या उतरली आणि त्याला आणायला गेली.