येथील क्षेम सायंकाळी

वैशाख! केळशीच्या खाडीवर उतरलेला तो सुवर्णकेसरी, तप्तनखी, दिशादिशांत डरकाळणारा पेशवाईतला वैशाख! सकाळी त्याने पाण्यावर केशर सांडलं. प्रहर चढला तसं त्या केशराचं कांचन झालं, आणि मध्यान्ही उरली नुसती लखलख, लखलख. झावळ्यांतून ऊन गळत होतं, वाळूतून ऊन उसळत होतं, विहिरीच्या तळाशीसुद्धा एक ऊन जाऊन बसलं होतं.

साऱ्या गावाला ते ऊन बाहेर होतं. सगुणेला ते आत होतं.

डाव्या भुवईच्या आत. सूर्य उगवे तेव्हा ते उगवे, सूर्य चढे तेव्हा चढे, सूर्य माथ्यावर आला की अर्ध्या कपाळात ज्वालाजिव्ह होऊन उभं राही. मग हळूहळू कलू लागे. आणि दिवेलागणीला, काय नवल सांगावं, सारी वेदना ओहोटीच्या पाण्यासारखी निघून जाई. मागे उरे ओल्या वाळूसारखी निर्मळ, हसरी, गाणं गुणगुणत तुळशीपुढे दिवा लावणारी तरुण सगुणा.

म्हणून तर तिचं दुखणं कुणाला खरंच वाटेना!

"दळायच्या वेळी डोकं, निवडायच्या वेळी डोकं," सासूबाई म्हणत, "आणि दिवे लागले की बाईसाहेब खुलल्या गुलबक्षीसारख्या! फार शहाणं हो डोकं तुझं. कामाची वेळ बरोबर ओळखतं!"

सगुणा मान खाली घालून वाती वळत राही. बोलणार काय? संध्याकाळच्या त्या शीतल, श्यामल, समुद्रगंधी वाऱ्यात सकाळची वेदना तिची तिलाच खोटी वाटे.

तिचा नवरा उत्तरेच्या फौजेबरोबर कारकून म्हणून गेलेला. सून सासऱ्यांच्या हवाली. आणि सासरे, हरबाजीपंत, लोण्याच्या काळजाचे! घाटापलीकडे वाईला विसाजीपंत वैद्य होते. त्यांनी सगुणेला कधी पाहिलं नव्हतं, तिची नाडी कधी बोटांखाली धरली नव्हती. गेल्या आश्विनापासून फक्त कागद घाट चढत होता आणि औषधाची पुडी घाट उतरत होती. पुड्या बदलल्या. चूर्णांचे रंग बदलले. भुवईतला सूर्य मात्र रोज उगवला.

कारण पंतांची रीत अशी. संध्या आटोपायची, दिवा जवळ ओढायचा, बोरू शाईत बुडवायचा आणि माजघराकडे तोंड करून म्हणायचं, "अहो, विचारा सूनबाईंना, कसं आहे?" सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही. दाराआडून सासूबाईंच्या कानात शब्द पडे, "बरं आहे म्हणावं."

आणि ते खरं होतं हो! त्या घटकेला अगदी खरं होतं.

पंत लिहीत, "येथील क्षेम. सूनबाईंस बरें आहे. किंचित् मस्तकपीडा."

त्या वैशाखात मात्र वाईहून उत्तर आलं ते असं:

"आपल्या पत्राची प्रकृती उत्तम आहे, सूनबाईंची कळवावी. आपल्या दर कागदावर उंडीच्या तेलाचा डाग येतो, म्हणजे लेखन दिव्याशी होते. एक पत्र भर उन्हात लिहावे. शब्द तिचे असावेत, सुधारू नयेत. हाच जासूद उलट टपाली पाठवावा. मृग लागला की घाट बंद, मग चार महिने मी आपणांस आंधळा."

चार महिने! सगुणेने दाराआड डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पंत रोजच्यासारखे खोताच्या कचेरीत कामाला गेले नाहीत. पत्र आणणारा जासूद फणसाखाली भाकरी खात बसला होता. पंत बोरू, दौत घेऊन माजघराच्या उंबऱ्यापाशी आले, आणि आपल्याच घराची दुपार त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पदराने कपाळ करकचून बांधलेली ती. जणू वादळात शीड गुंडाळून पडून राहिलेली होडी. तिच्या पायाशी खिडकीतलं ऊन चौकोनी, शुभ्र, निर्दय पसरलेलं.

पंतांनी "श्री" लिहिलं. "येथील क्षे" एवढं लिहिलं. बोरू थांबला.

"थांबायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"क्षेम लिहू कसं? बघा तरी तिच्याकडे."

"अहो, क्षेमाशिवाय कुणी पत्र लिहितं का? कुणी गेलं तरच तसं लिहितात! वैद्यबुवा वाचतील आणि पहिले आंघोळीला धावतील!"

बोरूच्या टोकावर शाईचा थेंब जमला. काळा, जड, थरथरता. पडेल, पडेल, पडेल...

"मामंजी," भिंतीकडून आवाज आला. मधे कुणाचा कान नाही, कुणाचा निरोप नाही. "मामंजी, लिहा. मी सांगते."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. बाहेर जासुदाचं चावणं थांबलं.

"उजाडलं की डाव्या भुवईत कुणीतरी चूल पेटवतं. ऊन वाढतं तसं कुणी त्यात एकेक लाकूड सारतं. भर दुपारी मला उजेड ऐकू येतो. पाण्यात तापलेली सांडशी बुडवावी, तसा चरचरतो. तेव्हा भांड्यावर भांडं ठेवलं तरी ते माझ्या डोळ्यातच ठेवलं जातं. मग दिवस कलतो. कुणी लाकडं ओढून घेतं. रात्री मी इतकी बरी असते, की मलाच माझा राग येतो."

शब्द संपले. ऊन तेवढं वाजत राहिलं.

पंतांनी थेंब पडू दिला नाही. त्यांनी लिहिलं, "येथील क्षेम सायंकाळी असते. मध्यान्ही नसते." आणि त्याखाली तिचा शब्दन् शब्द. चूल चूलच राहिली, सांडशी सांडशीच राहिली.

सासूबाई उठल्या. त्यांनी आपलं जाडजूड, गर्द निळं लुगडं घंगाळात बुडवलं आणि निथळतं निथळतं खिडकीवर टाकलं. उन्हाचा चौकोन विझला.

"एवढं होतं तर बोलायचं नाही होय ग?"

"सांगायचं म्हटलं, की तोवर संध्याकाळ व्हायची, सासूबाई."

लुगड्यातून पाणी टपटपत होतं, टपटप, टपटप. आणि भर वैशाखाच्या भर दुपारी त्या माजघरात, तिच्यापुरती, एक ओली निळी संध्याकाळ झाली.

उत्तर मृगाच्या आधी आलं. आभाळ काजळलं होतं, जासुदाच्या मुंडाशाला ढगांचा वास होता. "आता रोगी दिसला," वैद्यांनी लिहिलं होतं. "हा सूर्यावर्त. सूर्याबरोबर चढतो, म्हणून सूर्याच्या आधी उठून त्याला गाठावे. उजाडण्यापूर्वी कोमट तुपाचे दोन थेंब नाकपुड्यांत. समूळ जाईल, असे लिहीत नाही. ऊन सौम्य होईल."

मग पावसाळाभर, काळोख अजून काळोखच असताना, सासूबाईंची हाक, "ऊठ ग, तो उगवायच्या आत ऊठ!" आणि तळहातावर ऊब घेऊन आलेली तुपाची इवलीशी वाटी.

आश्विन आला. नवधौत, नीलकांत, कमळकोवळा आश्विन. घाट उघडला. ऊन परतलं, पण आता ते उंबऱ्याशी जरा थबकत असे, पाव्हण्यासारखं. पंत भर दुपारी बोरू घेऊन तिथेच बसले. "श्री" लिहिलं. "येथील" लिहिलं. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"सूनबाई, क्षेम लिहू?"

खिडकीवरच्या निळ्या लुगड्याच्या सावलीत बांगड्या किणकिणल्या. मग एक हसू. बारीक, दुपारचं, पहिलंवहिलं.

"आज अर्धं लिहा, मामंजी."

पंतांनी तसंच लिहिलं. ओल्या अक्षरांवर शाई टिपायला केळशीची वाळू टाकली. कागदावर तेलाचा डाग नव्हता. होती उन्हाची एक तिरीप, शाई वाळेतो थांबलेली, आणि मग वाळूच्या कणाकणावर लखलखत हलकेच, हलकेच उतरलेली.