राजपुत्राचा डावा हात

रिठदहून निघताना सोजरने नवऱ्याला सांगितलं की वाशीमला जाऊन शेवंताच्या झबल्यांचं कापड घेऊन येते, आणि दौलतरावांनी मान हलवली, कारण त्यांच्या पुढ्यात चौथीच्या पोरांच्या गणिताच्या पाट्या पडल्या होत्या. खरं कारण तिने सांगितलं नाही. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली, सासूबाईंच्या अंगाऱ्याधुपाऱ्यांना नाक मुरडणारी बाई आपण, आणि आज काय करायला निघालो आहोत, याची तिला मनातून लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून ती दमणीत बसली आणि गाडीवान खेमाने बैल हाकले.

कारण शेवंताच्या पायांत होतं. पोर पावणेदोन वर्षांची झाली, दात आले, बोल फुटले, कुत्र्याला हाड म्हणण्याइतकी अक्कल आली, पण उभी केली की ज्वारीच्या पोत्यासारखी मटकन खाली बसे. सासूबाईंनी सुताराकडून पांगुळगाडा करवून आणला, तर शेवंताने त्यात बाहुली बसवली आणि आपण समोर बसून तिला जेवू घातलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाले, "हाडांत दोष नाही. घाई करू नका." सोजरला घाई नव्हतीच. तिला फक्त भय वाटे, आणि ते सकाळी पोर उठल्यापासून रात्री ती निजेपर्यंत वाटे. एकदोनदा शेवंता भिंतीला धरून उभी राहिलीही होती, पण सोजरच्या तोंडून "अगं, सांभाळ!" निघून गेलं आणि पोर आईकडे बघून मुकाट खाली बसली.

सोजर स्वतः उशिरा चालली होती. आई सांगायची, "तीन वर्साची होईस्तोवर तू पाऊल टाकलं नाई. पयल्यांदा चालली ते त्या सिनेमात." सन बावीस साली मूकपट काढणारी एक कंपनी वाशीमला उतरली होती. तिला एक लहानगा राजपुत्र हवा होता. गावात मुलगे ढिगानं होते, पण चित्रं टिपणारी ती मशीन माणसाचं आयुष्य ओढून घेते अशी आवई उठली आणि एकाही घराने मुलगा दिला नाही. शेवटी सोजरच्या मामांनी भाची दिली. मुलीच्या आयुष्यातलं थोडंफार ओढलं गेलं, तर कोणाचं काय अडणार होतं? तिला फेटा बांधला, कपाळी गंध रेखलं आणि सोजर राजपुत्र झाली.

यातलं तिला काही आठवत नव्हतं. मात्र गेल्या हिवाळ्यात केनवडच्या जत्रेत एका तंबूवाल्याने तो जुनाट मूकपट लावला आणि तिने स्वतःला पाहिलं. कापडबाजारातून, देवळाच्या वेशीखालून, तळ्याकाठच्या फरसबंदीवरून राजपुत्र ऐटीत चालला होता. एकच गोष्ट तिला खटकली. त्याचा डावा हात सारखा बाजूला, खाली झुकलेला होता, आणि बोटं अर्धवट मिटलेली. कोणी तसं शिकवलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

आज चोवीस वर्षांनी ती त्याच वाटेनं आपल्या लेकीला घेऊन जाणार होती. बस्स, एवढंच. नवस नाही, गंडा नाही. नुसतं फिरून यायचं. शिकलेल्या माणसाचा अंगाराही असा शिकलेलाच असतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

खेमाने बाजाराच्या तोंडाशी बैल सोडले. शांतीलालशेठच्या दुकानात तिने कापड पाहिलं, आणि सहज विचारावं तसं सिनेमाबद्दल विचारलं. म्हाताऱ्या शेठनी गज खाली ठेवला.

"म्हंजे जगदेवची भाची तू? राजपुत्र?" ते खुशीत येऊन हसले. "तुया फेट्याचं कापड याच गादीवरून गेलं, बाई. या ओट्यावरून तर तुमी दोघी चालत गेल्या."

"दोघी? मी एकटीच होती ना, काका."

"वा! अन् ती लहानी? तिचा हात सोडला का तू जागची हालेना. साहेब लय कावला, पर करतो काय! मंग तिच्यासगट चालवलं तुले. गंमत पाय, पडद्यावर ती कुठीच दिसली नाई. मी तीनदा पायलं."

"कोणाची होती?"

"कोणाले मालूम. येवढीशी होती, तुया या पोरीयेवढी. एकाच पायात वाळा होता, दुसरा कुठी पाडून आली होती."

सोजरची नजर आपसूक खाली गेली. कडेवरच्या शेवंताच्या दोन्ही पायांत वाळे होते. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला. कापडाची घडी काखेत मारून ती देवळाच्या वेशीखालून तळ्यावर आली.

दुपार कलली होती. फरसबंदी तळ्याच्या काठाने सरळ जात होती आणि टोकाला तीन पायऱ्या उतरून पाण्यात शिरत होती. पिंपळाच्या पारावर एक म्हातारी झेंडूच्या माळा ओवत बसली होती. तिचं नाव गोजराबाई. लग्न होऊन आल्यापासून ती याच पारावर बसत होती, त्यामुळे सिनेमा काढताना तिने डोळ्यांनी पाहिला होता. सोजरने तिलाही राजपुत्राबद्दल विचारलं.

"राजपुत्राचं काय घेऊन बसली, माय," ती म्हणाली, "मले त्या लहानीची माय ध्यानात हाये. अशीच इथं पाराजवळ उभी होती. पायात चपला, शिकलेली वाटे. आमी म्हटलं, कंपनीची बाई असन. पोर चालली पाण्याकडं अन् ही आपली पदर तोंडाशी धरून उभी! मी म्हटलं, वो बाई, हाक मारा ना!"

"मग?"

"मारली नाई. कायतरी बोलली मले, ते आता ध्यानात नाई."

"आणि पोर?"

"ते मले नाई दिसलं. मशीन बंद झाली अन् शिपायानं आमाले हाकलून देलं."

सोजरने शेवंताला पारावर बसवलं आणि पदराने कपाळ टिपलं. मान वळवली तेव्हा पोर पारावर नव्हती. ती खाली उतरून फरसबंदीवर उभी होती, आणि तिच्या एकाच पायात वाळा होता. तिचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता, थोड्या मोठ्या मुलाचं बोट धरावं तसा. मग तिने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. ती चालत होती, न अडखळता, न थांबता, पाण्याच्या दिशेने.

सोजरच्या गळ्याशी हाक आली. पायांना धावायचं होतं, हातांना झेपावायचं होतं. तिने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला.

"वो बाई!" गोजराबाई ओरडली. "पाणी हाये पुढं. हाक मारा ना!"

"हाक मारली की ती खाली बसते," सोजर म्हणाली.

म्हातारीच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. ती सोजरच्या तोंडाकडे, मग तिच्या चपलांकडे बघत राहिली.

शेवंता पहिली पायरी उतरली. दुसरीवर थांबली. खाली पाणी हलत होतं. तिने उजवीकडे वर पाहिलं, कोणी काही सांगत असावं तसं ऐकून घेतलं, आणि खुदकन हसून वळली. येताना ती जवळजवळ पळतच आली, हात तसाच वर धरून. सोजर गुडघ्यांवर बसली होती, पण तिने हात पुढे केले नाहीत. पोर आपली आपण आली आणि आईच्या खांद्याला टेकून धापा टाकत उभी राहिली. बसली नाही. सोजर रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करत राहिली.

परत बाजाराच्या तोंडापर्यंत शेवंता चालतच आली. सोजर तिच्या डाव्या अंगाने चालली. उजव्या अंगाला जावं, असं तिला का वाटलं नाही, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

खेमाने बैल जुंपून ठेवले होते. तो दिवसभर तिथेच होता. तळ्यावर काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"अरे वा, बेबी चालून राह्यली!" असं म्हणत त्याने शेवंताला अलगद उचलून दमणीत ठेवलं. मग तो पुन्हा वाकला आणि त्याने हात पसरले.

"चाल, तू बी ये," तो म्हणाला. "संध्याकाळ होऊन राह्यली."

सोजर क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली. मग ती दमणीत चढली, गोणपाट नीट अंथरलं, आणि शेवंताच्या उजव्या बाजूला एका लेकराएवढी जागा ठेवून बसली.