बरणीच्या तोंडावरची गाठ

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, वरून तपकिरी, खाली पांढरी, पोटानं मोठी. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. निपाणीच्या बाजारात दुकानदार मला ‘थेट विलायतेचा माल’ म्हणून विकत होता. माझ्या शेजारच्या बरणीबद्दलही तो तेच सांगे आणि तिच्या बुडाला तर चीर होती. तेव्हापासून माणूस गोड बोलायला लागला की मी सावध होते.

मला घेतलं यशोदाबाईनं. एकोणीसशे दहा-अकराचं साल असेल. निपाणीजवळच्या खेड्यात तिचं तंबाखूचं रान होतं. नवरा वारलेला, घरात भरमू नावाचा एकुलता मुलगा. घेताना तिनं मला तीनदा वाजवून पाहिलं, पाणी भरून पाहिलं आणि तरी घरी येईपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत राहिली. आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

माझ्या पोटात वर्षाची चटणी असे. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरच्या वाळवायच्या, धणे, तीळ, खोबरं भाजायचं, कांदा-लसूण घालून सगळं उखळात कांडायचं, की झाली चटणी. त्या घरात कुठलीही भाजी हिच्यावाचून चुलीवरून उतरत नसे. यशोदाबाई चटणी दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायची आणि बोटानं एक फुली ओढायची. मग फडकं, त्यावर सुतळी आणि सुतळीला तिची स्वतःची गाठ. फुली मोडली की घरात चोर, असा तिचा हिशेब होता. मला तो फार आवडायचा.

भरमूचं लग्न झालं आणि सांबरा गावची मालुबाई सून म्हणून आली. यशोदाबाईच्या हातची गवारीची भाजी गावात नावाजलेली होती. तीच भाजी आता मालू करू लागली. पहिलं वर्ष बरं गेलं. पुढं एके दिवशी सासूनं घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. भाजी म्हणजे नुसता उकडलेला पाला झालाय, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

संशयाचं बी एकदा पडलं की त्याला पाणी लागत नाही. ती माझं फडकं सोडून आत बघत बसायची. फुली जागच्या जागी असायची. मग तिनं ठरवलं, की सून चांगली चटणी पुडीत बांधून माहेरी पाठवते आणि माझ्यात विटांची भुकटी मिसळते. फुलीसुद्धा हुबेहूब काढायला शिकली असणार.

खरं तर माझी गाठ यशोदाबाईखेरीज कुणी सोडतच नव्हतं. मला ते ठाऊक होतं. पण मीही तिच्याच हाताखाली वाढलेली. चोरी होत नसेल तर ही पोर चुलीपाशी काहीतरी करत असणार, असं धरून मी फळीवरून तिच्यावर डोळा ठेवला.

मालू गवारीच्या शिरा काढायची आणि शेंग हातानंच मोडायची, विळीला लावायची नाही. लोखंडी कढईत तेल कडकडीत तापलं की मोहरी, जिरं, मग ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की गवारी टाकून चांगली परतायची. सासूनं मोजून दिलेली चटणी आणि मीठ पडलं की पाण्याचा एक हबका, वर झाकण आणि झाकणात पाणी. शेवटी शेंगदाण्याचं कूट. मी महिना-महिना बघितलं, तिनं चिमूटभरही इकडचं तिकडं केलं नाही. याचाच मला जास्त संशय आला.

सासू मोजून देई त्या एका पळीच्या दोन पळ्या झाल्या, दोनाच्या तीन. भरमू जेवताना नाक पुसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि उठायचा. आई नि बायकोच्या मधे बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं. मालूही डोळे पुसत चार घास खायची.

यशोदाबाई जेवण झालं की डबी काढायची. तंबाखू तव्यावर जाळून केलेली मिश्री बोटावर घ्यायची आणि हिरड्यांना बराच वेळ घासायची. ती डबी माझ्याच फळीवर असे. त्या डबीवर संशय घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

नागपंचमी आठ दिवसांवर आली तेव्हा यशोदाबाई सुनेला म्हणाली, “भाऊ न्यायला आला की जा सांबऱ्याला. पर परत यायचं न्हाय.”

भरमूनं वहाणा घातल्या आणि रानाची वाट धरली. त्या दिवशीही मालूनं गवारी तशीच निगुतीनं केली, तरी माझं मन पाघळलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

लोकांनी आपल्याला नावं ठेवू नयेत म्हणून यशोदाबाईनं साक्षीला नणंदेला बोलावलं. गुणाबाई गावातच राहायची, खरं बोलणारी म्हणून तिचा दबदबा होता. तिच्यासमोर मालूनं गवारी केली. यशोदाबाईनं स्वतः गाठ सोडली, स्वतः चार पळ्या चटणी घातली आणि नणंदेपुढं ताट ठेवलं.

“वन्सं, तुमीच सांगा. हिच्यात चटणी हाय?”

गुणाबाईनं एक घास खाल्ला. तिला उचकी लागली, डोळ्यांतून धारा लागल्या. ताक पिऊन तिनं श्वास घेतला.

“वैनी, ही चटणी न्हवं. जाळ हाय जाळ.”

यशोदाबाईनं नणंदेकडेही संशयानं पाहिलं. सुनेनं हिलाही फितवलं की काय! मग तिनं माझ्यात बोट बुडवून चटणीचा गोळा जिभेवर ठेवला. टोपलीतली हिरवी मिरची उचलून कचाकचा चावली. डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या जिभेला काहीच कळत नव्हतं.

ती भिंतीला टेकून बसली. मालूनं ताकाचा तांब्या पुढं केला.

“कवापास्नं हाय गं हे?”

“दोन वरसं व्हत आली, आत्ती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलली असती तर खरं वाटलं असतं व्हय तुमास्नी?”

यशोदाबाईनं तिच्या हातातून तांब्या घेतला. इतकी वर्षं पोटात तिखट बाळगून मला तरी त्याची चव कुठं माहीत होती? आम्ही दोघी चव न कळता न्यायनिवाडा करत बसलो होतो.

मालूचा भाऊ आला, ती पंचमीला गेली. तिसऱ्या दिवशी यशोदाबाईनं भरमूला स्वतःहून आणायला पाठवलं. मालू चुलीपाशी आली तेव्हा माझ्या तोंडावर नुसतं फडकं होतं. सुतळी कुठंच नव्हती.

“चाखून सांग गं मालू,” म्हातारी म्हणाली. “आता तुझीच जीभ माझी.”

मिश्रीनंच जीभ मारली होती, तरी ती तिला काही सुटली नाही. पण मरेपर्यंत ती भाजी झाली का, तिखट बेताचं आहे का, हे सुनेला विचारी आणि ती सांगेल ते खरं धरून जेवी. ज्या बाईनं माझ्यासारख्या बरणीवरही विश्वास ठेवला नव्हता, तिला हे किती जड गेलं असेल ते मी जाणते.

आता सत्तेचाळीस साल आहे. परवा गावात झेंडे लागले, साखर वाटली. माझ्या काठाचा टवका उडालाय, झाकण दुसऱ्याच कुणाचं आहे. मालूच्या घरात अंबू नावाची नवी सून आलीय. काल गवारी शिजत होती आणि मालूनं तिला हाक मारली, “अंबू, जरा चाखून सांग गं.”

माझा स्वभाव कुठला जातोय? मला वाटलं, हिचीही जीभ गेली. पण अंबू यायच्या आधी मालूनं स्वतः चाखलं होतं आणि तिखटानं तिचे डोळे चांगले भरून आले होते. जीभ शाबूत असूनही ती सुनेला विचारत होती.

बायांनो, भाजी सपक लागली तर सुनेला बोल लावण्याआधी आपली जीभ बघा. मी जुनी, संशयी बरणी एवढंच सांगते. माझ्या तोंडावर आजही फडकं आहे. गाठ नाही.