चौथा चतकोर

रेवती अहिरेला मी जेवढं काम शिकवलं, तेवढं माझ्या हातातून गेलं. कारखान्यात याचं कोणाला नवल वाटलं नाही. तपासणीच्या खोलीत भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता आहे. त्यात प्रत्येकीच्या नावापुढे दर कामाच्या रकान्यात एक वर्तुळ, आणि भाकरीचे करावेत तसे त्याचे चार चतकोर. काम नुसतं पाहिलं की पहिला काळा होतो, देखरेखीखाली केलं की दुसरा, एकटीने केलं की तिसरा. चौथा खाचाखोचा कळल्यावर. रेवतीचा चतकोर काळा झाला की माझा पांढरा व्हायचा. शाई तेवढीच होती.

एकोणीस वर्षं मी गिअरच्या कडेवरून अंगठा फिरवून बर शोधत होते. बर म्हणजे कापलेल्या लोखंडाला राहिलेली बारीक धार. भल्याभल्यांच्या डोळ्यांना दिसायची नाही ती माझ्या अंगठ्याला कळायची, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. रेवतीचा चौथा चतकोर भरला त्या दुपारी मी गिअर उचलला. अंगठ्याला काहीच लागलं नाही. ट्रेमध्ये रक्त दिसलं, तेव्हा बर होती हे समजलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," रेवती म्हणाली.

"तुला कशाला बोल लावू? तू मन लावून शिकलीस, तिथेच माझा घात झाला."

तेवढ्यात देवरे साहेब आले. ट्रेनिंगचं सगळं तेच बघतात. खिशाला काळं पेन, काखेत फाइल.

"खैरनारबाई, ऑडिटमध्ये एक त्रुटी निघालीय. एक काम असं आहे की ते तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही. उद्या तुम्ही आला नाहीत, तर काय करायचं?"

"कुठलं काम?"

त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. शेवटी एक नवा रकाना आखला होता. 'ईश्वरीची वेणी.' ईश्वरी माझी मुलगी, दुसरीत आहे. त्या रकान्यात माझं वर्तुळ पूर्ण काळं होतं, बाकी सगळ्यांची कोरी.

"साहेब, ते घरचं काम आहे."

"तक्त्यात आलं ना? मग आता पर्यायी माणूस लागतोच."

माझं डोकं फिरलं. पिशवी उचलली आणि तरातरा गेटबाहेर पडले. गेटबाहेर तपासणीचीच खोली होती. गिअरच्या ट्रेशेजारी खुर्चीवर ईश्वरी शाळेच्या गणवेशात पाय हलवत बसली होती. केस मोकळे, मांडीवर लाल रिबिनी.

"आई, लवकर घाल ना. प्रार्थना सुरू होईल."

मी वेणी घातली, रेवतीने पाहिली. दुसऱ्यांदा घालायला गेले तर भांग कुठून पाडायचा ते मला सुचेना. मग रेवतीने घातली, मी नुसती उभी राहिले, आणि तीन पेड एकमेकांत कसे जातात ते गेलं. तिने एकटीने घातली तेव्हा रिबिनीची गाठ गेली.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ईश्वरी दोन वर्षांची असताना ओट्याच्या कडेवर आपटली होती. डाव्या कानामागे खोक पडली, तो व्रण अजून हुळहुळा आहे. तिथे आलं की कंगवा उचलायचा. तेवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि ते होतं तोवर समोरची पोर माझी आहे हे मला ठाऊक होतं.

"चौथा राहिला," देवरे साहेब म्हणाले. "काही राखून ठेवलंय का, बाई?"

"नाही."

त्यांनी फाइलमध्ये 'नाही' लिहिलं. "मग घ्या पुन्हा. जमेपर्यंत घ्यायचं."

रेवतीचा कंगवा व्रणावरून गेला. ईश्वरी किंचाळली आणि माझ्याकडे पाहू लागली. रेवतीने वेणी सोडून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला कंगव्याच्या दात्यांना लाल लागलं.

"ताई, माझं काय चुकतंय? सांगा ना हो," रेवती रडायला आली होती.

मी तोंड घट्ट मिटून उभी होते. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. पाचव्या खेपेला ईश्वरी ओरडली नाही. कंगवा यायच्या आधीच तिने खांदे वर ओढून घेतले आणि डोळे मिटले. ते मला बघवलं नाही.

"डाव्या कानामागे," मी म्हणाले, "तिथे कंगवा असा उचल." आणि हात उचलून दाखवला.

रेवतीने उचलला. मुलीचे खांदे हळूहळू खाली आले. देवरे साहेबांनी तक्त्यात चतकोर काळा केला आणि पेनाला टोपण लावलं.

खुर्चीवर कोणाची तरी मुलगी बसली होती. वेण्या छान घातल्या होत्या, अगदी घट्ट. ती माझ्याकडे पाहत होती, मी काही बोलेन म्हणून. माझा उजवा हात वर हवेत होता, आणि तो कशासाठी उचलला होता ते मला आठवेना.